किसनराव पाटलाचा दाखला

१२ जानेवारी १९७७, हँबुर्ग

ही वही कादरभाईनं आणून देली. म्हणे, "रोज एकदा लिही. लिहलं का डोक्यात बसते. कचेरीतल्या साहेबापुढं अडकला तर उचलून परत पाठवतीन."

म्हणून लिहतो. माझं नाव कडूबा. राहणार जिल्हा बुलढाणा. मी पक्षाचा तालुका सेक्रेटरी होतो. मी सरकारच्या विरोधात पत्रके छापली. आणीबाणीत माझ्यावर वॉरंट निघाले. परत गेलो तर मला तुरुंगात टाकतील. म्हणून या देशाने मला आसरा द्यावा.

सेक्रेटरी लिहाले तीन डाव खोडलं. हे सगळं कादरभाईनं बनवलं आहे. मी पाचवी शिकलो. पत्रक कसं छापते ते मले माहीत नाही.

१५ जानेवारी

कादरभाई बाळापूरचा. दोन वर्षं आम्ही एका जहाजावर होतो, तो भंडारी म्हणजे रांधणारा, मी त्याच्या हाताखाली भांडे घासणारा. पहिल्या दिवशी कोणी माह्या पायावर बादली ठेवली तर मी वरडलो, "काऊन बे?" अन चुलीजवळून हा म्हातारा हासला. म्हणे, "वऱ्हाडातला हाये का बे तू?" मंग त्यानं मले जादा भाकर देली. मागच्या साली तो इथं उतरला तो जहाजावर परत चढलाच नाही. डिसेंबरात माहं जहाज इथं लागलं, मी पण तसंच केलं. आता तो एका हॉटेलात रांधते, मी तिथंच भांडे घासतो. समुद्र गेला, भांडे नाही गेले.

आसऱ्याचा अर्ज देल्लेला आहे. निकाल लागेपर्यंत राहता येते, काम करता येते. पासपोर्ट कचेरीत जमा. आसरा भेटला तर इथंच राहायचं, पण मंग गावाले जाता येत नाही. नाही भेटला तर गावालेच जा लागते.

कादरभाईनं विचारलं, "तुले कोणतं पाह्यजे?" मी म्हणलं आसरा. तो म्हणे, "मंग तोंड असं काऊन केलं?"

२३ जानेवारी

शिक्क्याचा कागद पाह्यजे. कादरभाई म्हणे, गावाकडून कोणाचा तरी कागद मागव, का ह्या माणसाले गावात धोका आहे. शिक्का असला का गोरा मानते.

आमच्या गावात शिक्का एकाच माणसाजवळ आहे, पोलीस पाटील किसनराव. सोनाळ्यापासून आमचं गाव तीन कोस. मास्तर आठवड्यातून दोन दिवस येते. म्हणून आईचे कागद पण किसनरावच लिहते. ती सांगते, तो लिहते. आईचे कागद वाचतो तर आई बोलून राह्यली असं वाटतच नाही. "येथील सर्व क्षेमकुशल आहे, काळजी नसावी." माही आई जन्मात क्षेमकुशल म्हणली नाही.

आज आईले लिहलं. पाटलाले म्हणा, माह्या नावानं दाखला द्या, का मले गावात धोका आहे. काऊन पाह्यजे ते नाही लिहलं. कागद तर तोच वाचून दाखवीन.

पेटीत टाकल्यावर वाटलं परत काढावा. पण इथल्या पेटीत हात जात नाही.

२ फेब्रुवारी

रात्रभर बरफ पडला. सकाळी खिडकीतून पाह्यलं तर सगळीकडं पिंजलेला कापूस. शकूर असता तर म्हणला असता, एवढा कोण पिंजीन बे. शकूर पिंजारी. त्याची धनुकली सुरू झाली का अर्ध्या गावाले ऐकू ये. तांय तांय.

आज गोष्ट लिहली नाही. उद्या दोन डाव लिहीन.

१९ फेब्रुवारी

आमच्या राहण्याच्या जागी सहा जणांची गोष्ट कादरभाईनंच बनवली आहे. आज एकमेकाची परीक्षा घेतली. सहाही जण सेक्रेटरी. सहाही जणांनी पत्रकं छापली अन सहाही छापखान्याची शाई ऐन वक्तावर सरली. एक पंजाबी पोट्टा म्हणे, आपण सगळे एकाच छापखान्यात होतो तर मंग आपली ओळख इथं येऊन काऊन झाली?

लय हासलो. कादरभाई नाही हासला. म्हणे, "हासा. मी तुमच्यासाठी झूट बोलून दोजखात जाऊन राह्यलो अन तुम्ही हासा."

माही गोष्ट आता पाठ आहे. झोपेतही म्हणतो म्हणे. पण बाजूचा म्हणे, तू मधातच कोणाले तरी "उतर, उतर" म्हणते. ते गोष्टीत नाही.

९ मार्च

कागद आला. आत दाखला. गोल शिक्का, जांभळा, चांगला उठला आहे. दाखला इथं उतरवून ठेवतो.

"दाखला देण्यात येतो की, कडूबा वल्द महादू, वय २४, हा आमचे गावचा कायम रहिवासी असून त्यास मी लहानपणापासून ओळखतो. त्याचे चालचलन उत्तम आहे. त्याजवर कोणताही गुन्हा नाही. त्याचे कोणाशी वैर नाही व त्यास गावात कोणापासूनही धोका नाही. तसेच कळविण्यात येते की, शकूर वल्द इमाम पिंजारी हा तापाने मयत झाला असून तो विवाहित, तीन अपत्यांचा बाप होता व शिबिरास स्वखुशीने गेला होता. त्यास कोणीही जीपमधून नेले नाही. सबब दाखला दिला. किसनराव, पोलीस पाटील."

सोबत आईची चिठ्ठी, अक्षर त्याचंच. "धोका आहे असे कसे लिहावे, तुझी बदनामी होईल, कोणी पोरगी देणार नाही. पाटलांनी स्वतः होऊन चांगले लिहिले आहे."

कादरभाईनं वाचून डोक्याले हात लावला. "मी मांगतलं वॉरंट, यानं देल्लं नोकरीले लागाचं सर्टिफिकेट. फाड बे हा."

मंग परत वाचलं. "हा शकूर कोण?"

मी म्हणलं, गावातला एक.

"तू विचारलं होतं का त्याचं?"

"नाही."

"मंग यानं काऊन लिहलं?"

मले काय माहीत. मी पण तेच पाहून राह्यलो. मी शकूरचं नाव कोणाले लिहलं नाही, आईले पण नाही. किसनरावाले कसं वाटलं का मी त्याचंच विचारून राह्यलो?

दाखला फाडला नाही. शिक्क्याचा कागद आहे. आतल्या खिशात ठेवला.

२२ मार्च

सरकार पडलं! रेडिओवर सांगतलं. आणीबाणी उठली, तुरुंगातले लोक पहिलेच सुटले. पंजाबी पोट्टे नाचले. मी पण नाचलो. मंग कादरभाई भट्टीवरून म्हणे, "नाचा. ज्याच्या भेवानं तुम्ही पळाले ते सरकार गेलं. आता गोऱ्याले काय सांगसान?"

नाच थांबला. खुशीची गोष्ट आहे का दुःखाची, समजून नाही राह्यलं. ज्याची मले कधी भीतीच नव्हती ते सरकार गेलं म्हणून माहा आसरा गेला.

किसनराव अजून पाटीलच असन. पाटलाची कुठं निवडणूक होते.

१४ एप्रिल

आज साहेबापुढं बोलावलं होतं. अकरा वाजता गेलो, दोन वाजता सुटलो.

साहेब चाळिशीचा, टकला, सारखा पुदिन्याची गोळी चघळे. त्याची बोली मराठीत सांगाले एक बाई होती. सिंधूताई, पुण्याची. नवरा इथं कारखान्यात इंजिनेर आहे. मी पहिलंच बोललो, "मले थोडं पाणी पाह्यजे," तर तिले हासू आलं. लगेच दाबलं. म्हणे, "रागावू नका हं. पुष्कळ वर्षांत 'मले' ऐकलं नव्हतं. आमच्याकडे वऱ्हाडातली एक स्वयंपाकीण होती." मंग म्हणे, "एक लक्षात ठेवा. मी तुमच्या बाजूची नाही अन त्यांच्याही बाजूची नाही. जे बोललं जाईल तेवढंच सांगणार. जास्त नाही, कमी नाही."

मी गोष्ट म्हणली. एक शब्द चुकलो नाही. साहेबानं लिहलं पण नाही. त्यानं विचारलं, छापखान्याची शाई सरली का? मी म्हणलं, हो, तुमाले कसं माहीत? सिंधूताईनं ते पण सांगतलं. साहेब खिडकीतून बाहीर पाहे.

मंग म्हणे, तुमच्या देशातलं सरकार बदललं. आता कोणाची भीती आहे? मी परत पहिल्यापासून गोष्ट सुरू केली. म्हणे, काही कागद आहे का?

कचेरीत कागद मागतला अन खिशात आहे, तर नाही कसं म्हणाचं? हात आपोआप गेला. काढून देला. देल्यावर आठवलं का कादरभाईनं फाडाले सांगतलं होतं.

सिंधूताईनं वाचून दाखवला. चालचलन उत्तम, तिथं साहेब जरा हासला. मंग शकूरचं आलं. त्यानं गोळी चघळणं थांबवलं अन परत वाचाले लावलं. मंग पहिल्या डाव कलम उचलली.

"हा शकूर कोण?"

म्हणलं, माहा दोस्त.

"त्याला तीन मुलं होती?"

"कायचे पोरं? त्याचं लगनच झालं नव्हतं. येणाऱ्या ईदीनंतर होतं."

"मग शिबिर कसलं?"

"नसबंदीचं."

सिंधूताईनं तो शब्द मले परत विचारला. मंग सांगतलं. साहेबानं विचारलं, लग्न न झालेला माणूस तिथं स्वखुशीनं कसा जाईल? म्हणलं, नाही गेला. जीपमंधी नेला. त्यानं विचारलं, जीपमधून कोणी नेला? पोलिसांनी?

मी म्हणलं, "मी."

सिंधूताईनं विचारलं, "'मी' म्हणजे तुम्ही? कडूबा?"

"हाव ताई. मीच."

साहेबानं तिच्याकडं पाह्यलं तवा तिनं एकच शब्द सांगतला.

साहेबानं कलम खाली ठेवली. मले पाणी देलं. मंग उगंच सांगतलं का तो दहा वर्षांचा असताना लढाईत गाव सोडून पळाला, अन ते गाव आता दुसऱ्याच देशात गेलं. मी विचार करून राह्यलो. गाव कुठं जाते का? माणूस जाते.

१५ एप्रिल

साहेबाले सांगतलं ते इथं पण लिहून टाकतो. नाही तर ही वही निस्ती लबाडीची होईन.

मागच्या पोळ्याले मी सुट्टीवर गावाले गेलो होतो. आई म्हणे, आता समुद्रावर नको जाऊ. किसनराव म्हणे, "नको जाऊ. रोजगार हमीच्या रस्त्यावर तुले मुकादम लावतो. निस्ती नसबंदीची एक केस आणून दे." गावोगाव तवा केसा पाह्यजे होत्या, ज्याले त्याले आकडा पुरा कराचा होता. मी म्हणलं, पाटील, लेकरंबाळं असलेले सगळे वावरात लपून बसले, कोण भेटीन? तो म्हणे, "माणूस पाह्यजे बे. लेकरं मी कागदावर घालतो."

शकूर मले म्हणतच राहे, खामगावले जिनिंगमंधी चिपकवून दे. मी सांगतलं, चाल, जीप चालली आहे, मुकादमाशी बोललो आहे. त्याच्या सदऱ्याले कापसाचा पीस चिकटलेला राहे नेहमी. म्हणे, "कडू, नोकरीले असा जाऊ का बे?" म्हणून मी मुंबईहून आणलेला निळा सदरा त्याले घालाले देला. त्याची माय अमीरबी दारात उभी होती. म्हणे, "नवरदेव दिसते माहा." अन मले म्हणे, "सांभाळून नेजो रे."

जीप खामगावच्या रस्त्याले लागलीच नाही. तालुक्याच्या शाळेपुढं थांबली. त्याले समजलं तवा तो उतरे ना. जीपचा दांडा दोन हातानं धरून बसला. पोलीस होते, पण त्याहीनं हात नाही लावला. मीच त्याची बोटं सोडवली. "उतर बे, काही होत नाही, मी हावो ना." हेच म्हणलं.

नवव्या दिवशी मेला. जखम पिकली होती. शेवटी शेवटी तो कोणाशी बोले नाही. माह्याशी बोलला. म्हणे, "कोणाले सांगू नको, पोरगीवाले लगन मोडतीन."

मी मुकादम झालो. सहा दिवस हजेरी लावली. सातव्या दिवशी आईले न सांगता गाडीत बसलो.

२ मे

कादरभाईले सगळं सांगतलं तवापासून तो बोलत नाही. मी भांडे निमूट घासतो. आज म्हणे, "मले पहिलेच सांगतलं असतं तर मी तुह्यासाठी गोष्ट बनवली असती का? अरे, माहा भाऊ पण असाच नेला त्याहीनं." मंग म्हणे, "जेवला का?"

मी म्हणलं नाही. त्यानं ताट वाढलं. पण सोबत बसला नाही.

१९ मे

उत्तर आलं. एवढ्या लवकर कोणाचं येत नाही म्हणे. ते वाचून सांगाले सिंधूताई होती. अर्ज नामंजूर. कारण, "अर्जदारास मायदेशी परतल्यास कोणापासूनही धोका नाही."

मी म्हणलं, ताई, परत वाचा. तिनं परत वाचलं. तेच.

किसनरावानं लिहलं तेच इथल्या सरकारनं लिहलं. दोन देशांचे शिक्के आहेत आता माह्याजवळ, का कडूबाले गावात कोणाची भीती नाही. मंग मी झोपेत "उतर, उतर" काऊन म्हणतो?

साहेबानं एक गोष्ट जास्त सांगतली म्हणे. एका महिन्यात अपील करता येते. अन शकूरबद्दल जे बोललो ते मी लिहून, सही करून देलं तर तो कागद ते माह्या हाती परत देतीन. कायले, ते समजलं नाही. ताई म्हणे, "तुमच्या देशात आता असल्या गोष्टींची चौकशी करणार आहेत असं पेपरात आलंय. कोणाला तरी तो कागद लागेल." मंग म्हणे, "हे त्यांनी सांगितलेलं. मी माझं काही सांगत नाही."

सही करून देली. पाटलाचं नाव पण टाकलं, माहं पण.

२७ मे

आईचा कागद. हातात घेतला तर अक्षर वेगळं. बारीक, तिरपं, काना मात्रा सगळी जाग्यावर. शकूरची बहीण बानो, सातवी शिकलेली.

"कडू, आता मी पाटलाकडून लिहून घेत नाही. बानोकडून घेतो. मले बानोनंच सांगतलं सगळं. तू मले काऊन नाही सांगतलं रे? पाटील दारात आला होता, कडूचा कागद आला का म्हणे. मी म्हणलं आला तरी तुमच्याकडं नाही आणणार. तवापासून पाणी भराले गेलो का त्याच्या घरच्या बाया उठून जातात. जाऊ दे. मी दुसऱ्या विहिरीवर जातो.

"अमीरबी इथंच बसली आहे. ती म्हणते हे लिही. तुहा निळा सदरा माह्याजवळ आहे. त्याच दिवशी धुतला होता. डाग गेला नाही, दोन डाव शिकेकाई लावली. पण सदरा चांगला आहे, फाटला कुठंच नाही. लोकाचा कपडा मी घरात ठेवत नसतो. येऊन घेऊन जाय."

खाली बानोनं आपल्या मनानं एक ओळ टाकली आहे. "अम्मा रोज तो सदरा उन्हात घालते आणि संध्याकाळी आत घेते."

बाकी काही नाही. अमीरबी रागात आहे का, माफ केलं का, का मले दारात उभं करून जोडा मारणार आहे, काहीच समजत नाही. दहा डाव वाचलं. सदऱ्याचंच लिहलं आहे.

३१ मे

कादरभाईनं अपिलाची गोष्ट बनवून आणली. चांगली आहे. ह्या वेळी मी हिंदू अन शकूरची बहीण मुसलमान, अन आमची दोघाची मोहबत, अन दोन्हीकडचे लोक जिवावर उठलेले. म्हणे, "ह्याच्यात सरकार पडलं तरी फरक पडत नाही."

मी म्हणलं, कादरभाई, बानो माह्या मायचे कागद लिहते.

त्यानं कागदाची घडी केली. चुलीत टाकली. म्हणे, "किसनराव तुले सोडणार नाही. त्याचं नाव लिहून देलं ना तू?"

"हाव."

"अन तुहं पण?"

"हाव."

"मंग इथून तिथं जाऊन दोघंही जेलात बसा. म्हणजे खरा सेक्रेटरी होशीन." हासला. मंग डोळे पुसले, कांद्याचं नाव घेतलं. कांदा नव्हता कापला त्यानं.

आता तर खरा धोका आहे मले गावात. आता अर्ज केला असता तर भेटला असता का आसरा? हे कोणाले विचारू?

३ जून

आज पासपोर्ट मागाले गेलो. साहेबानं एक कागद काढला. अर्जदार स्वतःहून परत जातो आहे, त्याचं कारण लिहा लागते. सिंधूताईनं विचारलं, "काय लिहू?"

कारण तर सांगता येत नव्हतं. आई आहे, किसनराव आहे, तो सही केलेला कागद आहे, कोणाले द्याचा ते पण ठरलं नाही. अमीरबीच्या दारात जाऊन मी काय बोलणार तेही माहीत नाही. बरोबर करून राह्यलो का चूक, देव जाणे. जे पक्कं माहीत होतं तेवढंच सांगतलं.

"लिहा, सदरा आणाले जातो."

"सदरा? शर्ट?"

"हाव. निळा."

तिनं तेच लिहलं. मंग साहेबाले जसंच्या तसं सांगतलं, जास्त नाही, कमी नाही. साहेबानं काही विचारलं. ताई म्हणे, "ते विचारतात, इथे सदरे मिळत नाहीत का?"

मी तोंड उघडलं. पण तिनं माह्या उत्तराची वाट नाही पाह्यली. तीच त्याच्याशी बोलली, बराच वेळ, हळूहळू, मधात एकदा शकूरचं नाव आलं. साहेबानं मान हलवली अन शिक्का मारला.

तिनं माह्या वतीनं त्याले काय सांगतलं ते मी विचारलं नाही.